शर्यत सुटली, पुढं काय?

आपल्या सांगोल्याच्या बाजारात दात बघून जनावराची किंमत ठरते. मुंबई-पुण्याला शर्यतीत पळणाऱ्या घोड्याचंही वय बघितलं जातं. पाच-सहा वर्षांचा झाला, की बऱ्याचदा त्याचं मैदान सुटतं. आयुष्य मात्र पंचवीस वर्षांचं असतं.

काही तरुण मुलं-मुली असे घोडे घेऊन त्यांना अडथळ्यांवरून उड्या मारायला तयार करतात. आधी विश्रांती, खुराक कमी, चारा जास्त. शर्यतीत लगाम ताणला की घोडा त्यावर रेलून आणखी पळतो. इथं त्याच लगामानं थांबायला शिकवायचं. स्वार चढेपर्यंत गप उभं राहणंही त्याला नवंच. मग जमिनीवरच्या दांड्यांवरून सावकाश चालवायचं. घाई केली की तो उधळतो.

अमेरिकेची 'टच ऑफ क्लास' ही घोडी सहा शर्यती पळाली, एकही जिंकली नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्वार जो फार्गिसला तिनं दोन सुवर्णपदकं मिळवून दिली. ९१ उड्यांत एकच चुकली.

"आता या वयात मला काय जमणार?" असं गटात कुणी म्हणालं, की मी हिचीच गोष्ट सांगते. शिकवणाऱ्या बाईनं मात्र दम धरावा.