कोडिक्करैची मोकाट तट्टे



तिरुक्करुगावूर हे वेट्टार नदीकाठचे गाव भाताच्या शेतांचे व गर्भरक्षांबिकेच्या देवळाचे. येथे घोड्यांविषयी बोलायचे म्हणजे काहींना आडवाट वाटेल. नांगराला बैल, गाडीला बैल, चिखलणीला बैल वा रेडा. कावेरीच्या या खोऱ्यात घोडा परकाच राहिला. तेराव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्यावर आलेल्या मार्को पोलोने लिहून ठेवले आहे की, येथील राजे समुद्रापलीकडून दरवर्षी हजारो घोडे विकत घेतात व ते अल्पावधीत मरून जातात. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकोजीराजांबरोबर तंजावरास मराठ्यांचे राज्य आले आणि दख्खनची घोडदौड या पाणथळ मुलखात उतरली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाच्या नावावर असलेले सचित्र अश्वशास्त्र १९५२ साली छापून प्रसिद्ध केले. ज्ञान होते, हौस होती; भूमी मात्र अनुकूल नव्हती.

अशा या प्रदेशात, येथून आग्नेयेस दूरवर, जेथे किनारा एकदम पश्चिमेकडे वळतो त्या कोडिक्करैच्या टोकावर, कोणीही दाणावैरण न घालता तट्टांचे कळप पिढ्यान्पिढ्या जगत आले आहेत. माणसांनी एके काळी पाळलेल्या व पुढे सोडून दिलेल्या जनावरांची ही प्रजा होय. अंगाने लहान, पोटाने सुटलेली, आयाळ विस्कटलेली. खाऱ्या मातीतले गवत खाऊन ती वाढली. मार्को पोलोने पाहिलेले उंची घोडे उकडलेला भात खाऊन मेले. ही तट्टे कोणी काही न दिल्याने तगली, असे गमतीने म्हणावेसे वाटते.

परंतु कोडिक्करै ही केवळ तट्टांची जागा नव्हे. १९६७ साली तेथे अभयारण्य घोषित झाले ते मुख्यत्वे काळविटांसाठी. सलीम अलींच्या प्रेरणेने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. २००२ साली त्या पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले. खिरणीच्या झाडांचे शुष्क सदाहरित वन, त्यालगत गवताळ मैदान आणि पलीकडे मिठागरे, असा तो प्रदेश. गवताळ मैदानाचा पट्टा लहान आहे, आणि सगळा तंटा त्या पट्ट्याचाच आहे.

हा तंटा समजून घ्यावयाचा तर दोन जनावरांची तोंडे पाहावी लागतील. काळवीट रवंथ करणारे. त्याला वरचे पुढचे दात नसतात. ते निवडून, कोवळे खाते व मग बसून रवंथ करते. घोड्याला वरखाली दोन्हीकडे दात असल्याने तो गवत अगदी जमिनीलगत कातरू शकतो. त्याच्या पोटात अन्न झपाट्याने पुढे सरकते व त्याचा पुरेपूर उपयोग होत नाही. म्हणून त्याला पुष्कळ खावे लागते आणि दिवसरात्रीचा निम्म्याहून अधिक वेळ तो चरतच असतो. दोघांच्या जागा व दोघांचा आहार मोठ्या प्रमाणात एकच असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. शिवाय तट्टे वेड्या बाभळीच्या गोड शेंगा आवडीने खातात. बी न पचता लिदीतून बाहेर पडते आणि खतासकट रुजते. बाभूळ वाढली की गवत घटते. गवत घटले की काळविटाला उघडे मैदान राहत नाही, आणि लांबवरचे पाहून वेगाने पळणे हाच तर त्याचा बचाव.

मग तट्टे हलवावीत, असे कोणी म्हणेल. येथे कायद्याची मौज आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. घोडा कोणत्याच अनुसूचीत नाही, कारण तो पाळीव. पण पाळीव म्हणावे तर त्याला धनी नाही. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा त्याला क्रूरतेपासून वाचवितो, एवढाच त्याचा आधार. तट्टू रानातलेही नाही आणि दारातलेही नाही.

याची तुलना इंग्लंडातील न्यू फॉरेस्टशी करण्याजोगी आहे. तेथे मोकळ्या माळावर, वाहत्या रस्त्यांच्या कडेला हजारो तट्टे चरतात; पाहणाऱ्यास ती रानटी वाटतात, परंतु प्रत्येक तट्टाला मालक असतो. मालक दरवर्षी चराईचे शुल्क भरतो आणि शुल्क भरल्याची खूण म्हणून तट्टाच्या शेपटीचे केस ठरावीक तऱ्हेने कापतात. देखरेखीस घोडेस्वार नोकर आहेत, तक्रारी ऐकण्यास जुने न्यायासन आहे. तरीही मोटारींखाली तट्टे मरतातच. घोडा मोटारीला भीत नाही. रस्ता ही त्याला मोकळी, कोरडी जमीन वाटते. म्हणून मोठे रस्ते कुंपणाने वेगळे केले, मोकळ्या रस्त्यांवर ताशी चाळीस मैलांची मर्यादा घातली, काही तट्टांच्या गळ्यात अंधारात चमकणारे पट्टे बांधले. मेलेल्या तट्टासाठी जाब विचारणारा कोणी असतो, हा मला यातला खरा फरक वाटतो.

कोडिक्करैला तो नाही. एरवी वेदारण्यमहून दीपगृहाकडे जाणारा रस्ता शांत असतो. आडी व थै महिन्यांच्या अमावास्येला समुद्रस्नानासाठी गाड्यांची रीघ लागते. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे गजा चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा काळविटे आणि तट्टे दोन्ही मेली. लोकांना हळहळ वाटली ती बहुतेक काळविटांची.

माझे मत असे की, तट्टांची संख्या कमी करणे भाग आहे. मात्र त्यांना पकडून अनोळखी जागी सोडणे म्हणजे प्रश्न दुसऱ्याच्या दारात ढकलणे होय. उरतो तो जन्मच रोखण्याचा मार्ग. गर्भाचे रक्षण करणाऱ्या देवीच्या गावी हे बोलताना जीभ थोडी अडखळते, पण बोलणे प्राप्त आहे. अमेरिकेतील अ‍ॅसाटीग बेटाच्या मेरीलँडकडील भागात १९९४ पासून घोड्यांच्या माद्यांना दुरूनच बाण मारून गर्भरोधक लस देत असत. त्यासाठी प्रत्येक मादीची ओळख, तिच्या शिंगरांची नोंद आणि वर्षानुवर्षे न थकता हेच काम करणारी माणसे लागतात. कळपाची संख्या लगेच घटली नाही. कारण वारंवार विण्याचा भार उतरल्यावर त्या माद्या पूर्वीपेक्षा अधिक वर्षे जगू लागल्या.