गळ टाकायला निघण्यापूर्वी



गिरगावच्या चाळीत किंवा परळ-लालबागच्या खोलीत राहणाऱ्या कित्येकांचे अर्धे मन कोकणात असते. चार दिवसांची सवड मिळाली की वाटते, गर्दीपासून दूर कुठेतरी खाडीकाठी मुक्काम करावा आणि गळ टाकून निवांत बसावे. हौस चांगलीच आहे. पण तिची आखणी बहुधा उलट्या टोकाने होते. आधी रजा, मग तिकीट, मग सामान, आणि पाण्याची चौकशी तिथे पोचल्यावर! माझे सांगणे एवढेच, की आखणी पाण्यापासून सुरू करावी आणि दादर स्टेशनावर संपवावी.

मालवणजवळचे देवबाग घ्या. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये चिंचोळी वस्ती. इथे घड्याळाआधी तिथी पाहावी लागते. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. षष्ठी असली तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. शिक्षक बंधुभगिनींनो, पाऊणकीचे हे गणित फळ्यावर जरूर घाला; मुलांना पाढा आणि चंद्र दोन्ही एकदम समजतील. मात्र हा झाला अंदाज. होडीत पाय ठेवायचा तर छापील कोष्टकातली वेळ पाहावी.

आता ऋतू. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. १७ जुलै १९४७ रोजी, अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे गेली. गिरगाव-परळच्या जुन्या बिऱ्हाडांत ती आठवण पुष्कळ दिवस राहिली. म्हणून पावसाळ्यात हौसेसाठी समुद्रात उतरू नये, हे उत्तम.

तिथी आणि ऋतू ठरले की मग तिकीट. कोकण रेल्वे १९९८ पासून पुरती सुरू झाली आणि कुडाळपर्यंतचा प्रवास सोपा झाला, पुढे एस.टी. किंवा रिक्षा. दादरहून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीची तारीख दुसऱ्या दिवसाची असते, एवढे मात्र ध्यानात ठेवा. शुक्रवारी रात्री निघणाऱ्याने शनिवारच्या तारखेचे तिकीट काढायचे असते.

सामान थोडेच हवे, पण नेमके. दोन-तीन मापांचे गळ, तंगूस, शिशाची वजने आणि एक लहान पक्कड. गळ बोटात रुतला तर ओढाताण न करता डॉक्टर गाठावा, आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. याखेरीज टोपी, विजेरी, पिण्याचे पाणी, रोजची औषधे, आणि शेवाळावर न घसरणारी पादत्राणे. होडीत बसायचे तर अंगावर जीवरक्षक जाकीट हवेच. आमिष मुंबईहून नेऊ नये. गावातल्या कोळणीकडून ताजी कोळंबी घ्यावी. तिला चार पैसे मिळतात, आणि कोणत्या खडकाजवळ तांबोशी लागते हेही बोलता बोलता कळते.

गळ कुठे टाकायचा, हे मात्र विचारल्याशिवाय ठरवू नये. मालवण किनाऱ्याचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. धरणांच्या जलाशयांतही मासेमारीचा हक्क बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे असतो. पाणी मोकळे दिसले, तरी ते बेवारशी नसते.

शेवटी एक विनंती आमच्या किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना. मुंबईचा पाहुणा दारी आला, की जेवणाआधी त्याला भरतीची वेळ सांगा. पाणी कुठे ओढते, कोणता खडक भरतीत वेढला जातो, हे दाखवा. तुम्हाला ते लहानपणापासून ठाऊक असते. त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि पाहुणे मंडळींनो, तांडेल 'आज नको' म्हणाला, तर गळ गुंडाळून ठेवा आणि माडाखाली बसा. मासा उद्याही मिळेल.