नोकरी आणि ओळख

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चार लोकांसमोर बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्या. नोकरी शोधताना ओळखीचा उपयोग कसा करावा, यावर मला बोलायला सांगितले आहे. ते आमच्या घराने जे भोगले त्यामुळेच असावे.

२०१९ साली मोटारधंद्यात मंदी आली. भोसरीतील ज्या वर्कशॉपमध्ये आमचे हे १८ वर्षे लेथवर काम करीत होते, ते आषाढात बंद पडले. शेजारीपाजारी कळू नये म्हणून हे रोज डबा घेऊन वेळेवर बाहेर पडत आणि चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिराजवळ, नदीकाठी बसून तो खात. मीही चारचौघींत हसून बोलत असे. घरात मात्र माझ्या पाटल्या मोडून झाल्या होत्या.

दिरांना आणि माझ्या भावाला तेवढे सांगितले होते. त्यांनी जिवापाड खटपट केली. पण तेही त्याच धंद्यातले, त्याच भागातले. जे त्यांच्या कानी येई ते आम्हांला आधीच ठाऊक असे. एका गृहस्थांनी ओळखीने लावून देतो म्हणून २०,००० रुपये मागितले. त्यांना मी दारातूनच नमस्कार केला.

नवरात्रात भोंडल्याला एक बाई भेटल्या. वर्षातून दोनदा, हळदीकुंकवापुरती आमची गाठ. "काय, बरे आहे ना?" असे त्यांनी सहज विचारले आणि माझ्या तोंडून निघून गेले, "बरे नाही हो." मग सगळेच सांगितले. त्यांचे भाऊ चाकणला एका कारखान्यात होते. चार दिवसांनी निरोप आला की तेथे लेथवर मुरलेला माणूस हवा आहे. जाहिरात कोठेच नव्हती. यांनी जाऊन एक नग काढून दाखविला, माप बरोबर उतरले आणि दिवाळीपूर्वी हे कामावर रुजू झाले. नग उतरला तो यांच्या हाताने. दार मात्र त्या बाईंनी दाखविले.

माझी मुलगी कॉलेजात समाजशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आई, यावर अमेरिकेत अभ्यास झाला आहे." मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्यांकडे चौकशी केली आणि १९७३ साली त्यावर लेख लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी, नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळले असे शंभरात सुमारे १७ जणच निघाले. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी सांगितले होते. कारण साधे आहे. जवळची माणसे आपल्याच विहिरीवर पाणी भरतात. लांबची माणसे दुसऱ्या विहिरीवरची बातमी आणतात.

आता अनुभवाचे चार शब्द. पहिले म्हणजे लाज सोडावी. "काहीतरी काम बघा" असे मोघम म्हणू नये. कोणते काम येते, किती वर्षे केले, किती लांब जाता येईल, हे नेमके सांगावे. मी लेथचे नाव काढले नसते, तर त्या बाई भावाला काय सांगणार होत्या? नोकरी मागू नये, बातमी विचारावी. म्हणजे समोरच्याला संकोच वाटत नाही. ज्याने आपल्यासाठी शब्द टाकला त्याची मान खाली जाईल असे वागू नये. आणि काम होवो वा न होवो, त्याला जाऊन सांगावे. मी पेढे घेऊन गेले तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "मी काय केले? नुसते सांगितले."

पण जिला कोणाचीच ओळख नाही, तिने काय करावे? म्हणून माझी एक विनंती आहे. मंडळात एक वही ठेवावी. कोठे माणूस हवा आहे आणि कोणाला काम हवे आहे, ते तीत लिहावे. गरजवंताचे नाव अध्यक्षीणबाईंपाशीच राहावे. नवरा डबा घेऊन नदीकाठी बसलेला असताना आपल्यापैकी कोणालाही हसून "बरे आहे" म्हणावे लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.