किल्ली कोणाच्या कमरेला?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी कोणी तरी चार शब्द बोलावे ही आपली रीत आहे. दरवर्षी आपण बाहेरून पाहुण्या बोलावतो. यंदा अध्यक्षीणबाईंनी मलाच उभे केले. “तुम्ही सहा महिने विलायतेला राहून आलात, तेथले काही सांगा,” असे त्या म्हणाल्या. त्यांना वाटले असेल की मी राणीचा वाडा, मोठमोठी दुकाने आणि थंडी यांविषयी बोलेन. परंतु ते सारे आपण चित्रांत पाहिलेलेच आहे. मी बोलणार आहे ती एका चिखलाच्या मैदानाविषयी, तेथल्या एका क्लबाविषयी आणि एका किल्लीविषयी. किल्लीची गोष्ट शेवटी सांगेन. ती ऐकून आपण मला हसाल, आणि ते योग्यच होईल.

माझी लेक इंग्लंडमध्ये एका मध्यम वस्तीच्या गावी राहते. 2024 च्या सप्टेंबरात मी तिच्याकडे गेले. पहिल्याच रविवारी सकाळी आठ वाजता घरात धावपळ सुरू झाली. मला वाटले, कोठे देवदर्शनाला निघाली असतील. पाहते तो माझी दहाव्या वर्षातली नात गुडघ्यापर्यंत मोजे चढवून, दातांवर रबराची ढाल बसवून उभी! “आजी, चल. आज माझा रग्बीचा सामना आहे.”

रग्बी हा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळावयाचे आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे तो जमिनीस टेकवावयाचा. पुढे पळता येते, परंतु चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो मागच्या किंवा बाजूच्या गड्याकडेच द्यावा लागतो. मोठ्यांच्या खेळात एका बाजूस पंधरा गडी आणि वेळ 80 मिनिटे. नातीच्या वयाच्या मुलांत आठ-आठ गडी, आणि मुलगे-मुली एकत्रच. आणि ज्याच्या हाती चेंडू असेल त्याला पकडून खाली पाडावयाचे! आपल्या कबड्डीत चढाईला आलेल्याची पकड करतात तशीच ही पकड. मात्र येथे पळत्या माणसाची करावयाची. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या नातीला एका थोराड मुलाने चिखलात लोळविले आणि मी पदर तोंडाशी धरला. लेकीला म्हटले, “अगं, ही मुलीची जात. हात-पाय मोडला म्हणजे?” लेक हसून म्हणाली, “आई, आधी तू चहा घे.”

तो चहा देणारी खिडकी ही माझी पुढील सहा महिन्यांची बैठक झाली. तेथे सत्तरीच्या एक बाई होत्या. मुले मला काय म्हणतात ते त्यांनी विचारून घेतले आणि दुसऱ्या रविवारपासून सारे मैदान मला ‘आजी’ म्हणू लागले. तिसऱ्या रविवारी मी खिडकीच्या आतल्या बाजूस होते. त्या बेकन घातलेले पाव भाजीत. मी त्या बाजूस फिरकत नसे, मी चहा ओती. असा आमचा तह ठरला होता.

आतल्या बाजूने पाहू लागल्यावर मला कळले की तो क्लब खेळाडूंवर चालत नाही, तो भल्या पहाटे उठणाऱ्या माणसांवर चालतो. रग्बी हा 1995 सालापासून जगात पैशाचा धंदाही झाला आहे, परंतु गावोगावचे हे क्लब तसे नाहीत. तेथे कोणी पगारी नाही. एक निवृत्त शिक्षक अंधारातच येऊन मैदान पायांखाली घालीत. जमीन थंडीने गोठून दगड झाली आहे काय, कोठे काच पडली आहे काय, हे पाहावयाचे. जमीन गोठलेली असली तर सामने रद्द, मग कोणी कितीही रागावो. दुसरा एक पांढऱ्या रेषा आखी, तिसरा गोलाच्या खांबांना गाद्या बांधी. एक बाई कोण मुलगा कोणत्या वयाच्या गटात याची नोंद ठेवीत. मुलांमध्ये काम करावयास येणाऱ्या माणसाची पूर्वीची वर्तणूक सरकारी दप्तरातून तपासून घ्यावी लागते. ते कागद सांभाळणारी आणखी एक. मळलेल्या जर्सींची भली मोठी पिशवी दर आठवड्यास एकेका घरी धुण्यास जाई. आमच्या घरी आली तेव्हा निम्मे मैदान आमच्या न्हाणीघरात उतरले!

शुक्रवारी क्लबाची बातमी निघे. मी ती चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाची. मोठ्यांचा सामना कोणी जिंकला ते दोन ओळींत. लहानांचे निकाल मुळीच छापीत नसत. मग अमक्याच्या घरी मुलगी झाली, तमके जुने खेळाडू वारले, एका पायाचा बूट सापडला आहे, भिंत रंगविण्यास शनिवारी तीन माणसे हवीत. आणि सर्वांत खाली, या आठवड्यात जर्सी कोणी धुतल्या त्या घराचे नाव. आपल्या अहवालात आपण देणगीदारांची नावे ठळक छापतो. सतरंज्या झटकणारीचे नाव कधी छापले आहे काय? मला तरी आठवत नाही.

आता जे मला खरे सांगावयाचे आहे त्याकडे येते.

नोव्हेंबरात एक सामना अगदी रंगात आला होता. नात चेंडू घेऊन पळाली, कोणी तरी तिची पकड केली आणि पडताना तिचे डोके जमिनीवर आपटले. ती लगेच उठलीही. परंतु प्रशिक्षकाने शिट्टीची वाट न पाहता मैदानात धाव घेतली. हा गृहस्थ आठवडाभर लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करतो आणि रविवारी मुलांना शिकवतो. त्याने तिला हाताला धरून बाहेर आणले. प्रथमोपचार करणाऱ्या बाईंनी तिला प्रश्न विचारले, डोळ्यांकडे पाहिले. नात रडू लागली, “मला काही झाले नाही, मला खेळू द्या!” आमचे जावईही म्हणाले, “ती ठीक दिसते आहे, शेवटची पाचच मिनिटे उरली आहेत.” बदली खेळावयास कोणी नव्हते. आमच्या बाजूस सातच मुले उरणार होती. तो नळवाला शांतपणे म्हणाला, “शंका आहे ना? मग ती आज खेळणार नाही.” आणि सामना आम्ही हरलो.

डोक्याचा मार हा वरून दिसत नाही. म्हणून तेथे नियमच आहे की नुसती शंका आली तरी खेळाडूस बाहेर काढावयाचे आणि त्या दिवशी पुन्हा आत घ्यावयाचे नाही. मग विश्रांती आणि टप्प्याटप्प्याने परतणे. 2023 च्या जुलैपासून इंग्लंडच्या गावक्लबांत पकडीची उंचीही खाली आणली आहे. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाहून वर पकड करावयाची नाही, म्हणजे डोक्यास डोके लागण्याचा संभव कमी. हे नियम सगळे चांगले. परंतु कागदावरचा नियम मैदानात धावत जात नाही. तेथे जावयास माणूस लागतो, आणि आपल्याच बाजूच्या लोकांचा राग सोसण्याची त्याची तयारी लागते.

तुम्हाला खरे सांगू? मला मनातून बरे वाटले होते. आता हा खेळ सुटेल, असे वाटले. रात्री नातीच्या उशाशी बसून मी म्हटले, “बाळे, पुरे झाले आता. दुसरे काही तरी शिक.” ती म्हणाली, “आजी, मी पुढचे काही रविवार खेळणार नाही, पण पाण्याच्या बाटल्या मी नेणार आहे. मी अजून संघातच आहे.” नळवाल्याने तिला बाहेर काढताना हे काम देऊनच काढले होते. मी गप्प राहिले. मुलीला जपणे म्हणजे तिला घरी बसविणे, एवढेच मला ठाऊक होते. तिला जपावे आणि तिची जागाही राखावी, हे मला त्या नळवाल्याने शिकविले.

मुलींनी हा खेळ खेळणे हेही काही नवल नाही. बायकांचा पहिला जागतिक चषक 1991 सालीच वेल्समध्ये झाला. 2025 च्या सप्टेंबरात लंडनला अंतिम सामन्यात इंग्लंडच्या मुलींनी कॅनडाला 33-13 ने हरविले तेव्हा पाहावयास ऐंशी हजारांवर माणसे होती. मी तोवर परतले होते, आम्ही तो येथून पाहिला. आणि आपल्या भारतीय मुलींनी 2019 च्या जूनमध्ये मनिला येथे सिंगापूरला 21-19 असे हरवून आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. पंधरा-पंधराच्या खेळातला तो त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. आपल्याकडे त्या वेळी किती घरांत याची चर्चा झाली? माझ्या घरात तर नाहीच.

आता किल्ली. आपणापैकी ज्या कार्यकारिणीत आहेत त्यांना ती ठाऊक आहे, बाकीच्यांनी ऐकावे. 2025 च्या संक्रांतीला आपले हळदीकुंकू होते. वाणाचे सामान, मोठी ताटे, तिळगुळाचे डबे, सारे मंडळाच्या कपाटात. आणि कपाटाची किल्ली? ती माझ्या पर्समध्ये, इंग्लंडात! चौदा वर्षे मी आपली चिटणीस. किल्ली माझ्या कमरेला, वह्या माझ्या घरी, मंडपवाल्याचा नंबर माझ्या डोक्यात. आमच्या उपाध्यक्षीणबाईंचा फोन आला, “आता काय करावे?” कुलूप तोडावे लागले. आणि भगिनींनो, मला लाज वाटावयास हवी होती, ती वाटली नाही. उलट थोडा अभिमानच वाटला. बघा, माझ्यावाचून अडते!

त्याच्या पुढच्याच रविवारी क्लबात पालकांची खास सभा झाली. चहाच्या खिडकीच्या बाई हे काम सोडणार होत्या. एकोणीस वर्षे त्यांनी ते सांभाळले. आता गुडघे साथ देत नव्हते. त्या खिडकीच्या पैशावर मुलांचे चेंडू येत, दिव्यांचे बिल भरले जाई. सेक्रेटरींनी विचारले, “हे काम कोण घेईल?” साठेक माणसे खुर्च्यांवर. सगळ्यांच्या नजरा आपापल्या बुटांकडे. ती शांतता मला ओळखीची होती. आपल्या वार्षिक सभेत नवी कार्यकारिणी निवडताना अशीच पसरते.

मग त्या बाई उठल्या. म्हणाल्या, “चूक माझी आहे. मी एवढी वर्षे सगळे एकटीने केले, म्हणून हे काम एवढे मोठे दिसते. कोणाला शिकवलेच नाही.” आणि त्यांनी पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या. एकेका चिठ्ठीवर एकेक काम. रविवारी साडेआठला दूध आणणे. कप धुणे. पैशाची पेटी मोजणे. पाव सांगून ठेवणे. महिन्यातून एकदा चूल घासणे. “चहाची खिडकी कोण घेईल?” याला हात वर झाला नव्हता. “दूध कोण आणील?” म्हणताच चार हात वर गेले. अर्ध्या तासात सगळ्या चिठ्ठ्या संपल्या. आमच्या जावयांच्या वाट्याला चूल आली!

मी मागच्या रांगेत बसले होते. पर्समध्ये हात गेला तो किल्लीच हाताला लागली.

त्या क्लबाच्या भिंतीवर एका चषकाचे चित्र होते. त्याची गोष्ट तेथल्या एका वृद्धाने मला मुद्दाम सांगितली, कारण ती आपल्या देशातली आहे. 1872 च्या नाताळात कलकत्त्याला इंग्रजांनी रग्बीचा सामना खेळला आणि 1873 मध्ये तेथे क्लब काढला. थोड्याच वर्षांत सभासद पांगले. कोणी टेनिसकडे, कोणी पोलोकडे. शेवटी क्लब बंद करण्याची वेळ आली. बँकेत पैसे होते, खेळावयास माणसे नव्हती. तेव्हा त्यांनी शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ती वितळवून चषक घडविला आणि 1878 साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेस देऊन टाकला. त्याला नागाचे तीन कान आहेत आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी खेळतात.

चषक फार सुंदर आहे. परंतु भगिनींनो, तो बंद पडलेल्या संस्थेचा चषक आहे. आपल्या मंडळाची शिल्लक आज बरी आहे. शिवणाची यंत्रे आहेत, कपाट आहे, आता नवे कुलूपही आहे. पण मागील तीन वर्षांत आपल्या कार्यकारिणीत एकही नवे नाव आलेले नाही. सुना नोकरी करतात, त्यांना वेळ नाही, असे आपण म्हणतो. त्यांना आपण काय विचारतो? “चिटणीस व्हाल का?” म्हणजे चौदा वर्षांचे ओझे एकदम पुढे करतो आणि त्या नको म्हणाल्या की नावे ठेवतो. महिन्यातून एकदा दूध आणाल का, असे आपण कधी विचारलेच नाही.

म्हणून आज मी एवढेच करणार आहे. ही किल्ली. हिच्या मी तीन किल्ल्या करून आणल्या आहेत. त्या तिघींकडे राहतील, आणि त्या तिघींत मी नाही. आणि हा लाडवांचा रिकामा डबा. त्यात एक्केचाळीस चिठ्ठ्या आहेत. मंडळाचे सारे काम लिहून काढले तेव्हा माझे मलाच आश्चर्य वाटले, कारण त्यांतली तीसएक कामे कोणासही अर्ध्या तासात उरकण्यासारखी आहेत. चहापानाच्या वेळी प्रत्येकीने एक उचलावी. सुनांनी उचलावी, लेकींनी उचलावी, शेजारच्या ज्या सभासद नाहीत त्यांनीही उचलावी. आवडले नाही तर बदलून घ्यावी. कोणाचे चुकले तर चुकू द्यावे. मी मागे उभी राहून सूचना करणार नाही. हे मला सर्वांत अवघड जाणार आहे, तरी प्रयत्न करीन.

नात अजून खेळते. परवा फोनवर सांगत होती, “आजी, आता लहान मुलांना पाण्याच्या बाटल्या कशा न्यायच्या ते मी शिकवते.”

असो.  चहा तयार आहे. डबा चहाच्या टेबलावरच ठेवते.