मंगोलियन आणि डच

आज मंगोलियन आणि डच या दोन भाषांची तुलना करू या. डच इंडो-युरोपीय कुळातली, म्हणजे मराठीची दूरची नातलग. मंगोलियनचं कुळ अगदी वेगळं.

तरीही मंगोलियन वाक्य आपल्याला ओळखीचं वाटतं: आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद. ‘गेर’ म्हणजे घर, ‘गेर्त’ म्हणजे घरात. विभक्तीचा प्रत्यय मराठीसारखाच नामाच्या शेवटी जोडला जातो. शब्दातल्या स्वरांशी जुळवून घेत अनेक प्रत्ययांचा स्वर बदलतो. नामाला व्याकरणिक लिंग मात्र नाही.

डचमध्ये मात्र ‘आत’ या अर्थाचा ‘इन’ हा शब्द नामाच्या आधी येतो. साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं, गौण वाक्यात ते शेवटाकडे सरकतं. नामाप्रमाणे ‘दे’ किंवा ‘हेट’ हे उपपद लागतं.

डचची लिपी रोमन. मंगोलिया देशात १९४०च्या दशकात सिरिलिक लिपी रुळली. चीनमधल्या अंतर्गत मंगोलियात वरून खाली लिहायची जुनी लिपी टिकून राहिली.

भाषेचं कुळ आणि तिची घडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीचं नातं डचशी आहे, वाक्यरचनेचं साम्य मात्र मंगोलियनशी अधिक आहे.