मर्यादा वळविली, पण कर्ज कोठे गेले?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी बहुधा बालसंगोपन, आरोग्य किंवा गृहशोभन अशा विषयांवर बोलण्याची आपली प्रथा आहे. यंदा चालकांनी मला क्रेडिट कार्डावर बोलावयास सांगितले, तेव्हा विषय जरा रुक्ष वाटेल अशी शंका मनात आली. परंतु रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांत, शाळांत, दवाखान्यांत आपल्या कितीतरी भगिनी आज नोकरी करीत आहेत. त्यांचा पगार बँकेत जमा होतो आणि पगाराच्या पाठोपाठ कार्डही घरात येते. घोडनदीकाठच्या शिरूरपासून भीमेकाठच्या दौंडपर्यंत हा विषय आता मीठमिरचीइतका घरचा झाला आहे.

त्यातील एका युक्तीबद्दल अलीकडे पुष्कळजणी विचारतात. बँकेचे एक कार्ड हाती आहे, पण त्याची मर्यादा अपुरी पडते. मग त्याच बँकेचे दुसरे कार्ड काढावयाचे आणि त्या नव्या कार्डाची मर्यादा जुन्यावर वळवून घ्यावयाची. हे करावे की करू नये?

प्रथम मर्यादा म्हणजे काय ते पाहू. मर्यादा म्हणजे आपली शिल्लक नव्हे. बँक आपणांस किती उधार देण्यास राजी आहे, त्याचा तो आकडा होय. पायली मोठी घेतली म्हणून कणगीतले धान्य वाढत नाही. तसेच मर्यादा साठ हजारांची एक लाख झाली, तरी घरात एक रुपयाही जास्त येत नाही. येते ती अधिक कर्ज करण्याची परवानगी.

दुसरी गोष्ट, ही वळवावळवी एकाच बँकेच्या दोन कार्डांत होऊ शकते. एका बँकेची मर्यादा दुसऱ्या बँकेच्या कार्डावर नेता येत नाही. आणि एकाच बँकेतही ती होईलच असे नाही. काही बँका एका ग्राहकाच्या सर्व कार्डांना मिळून एकच मर्यादा ठेवतात. तेथे दुसरे कार्ड काढले तरी वळविण्यास वेगळे काही उरत नाही. फक्त वार्षिक शुल्क दोन ठिकाणी बसण्याची शक्यता वाढते. म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वीच बँकेला विचारावे, की मर्यादा वेगळी मिळणार की सामाईक, आणि ती वळविता येते की नाही. उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे.

ही युक्ती सर्वस्वी वाईट आहे, असे मी म्हणत नाही. दवाखान्यात एकदम मोठी रक्कम भरावी लागते, तेव्हा दोन कार्डांत विभागलेली मर्यादा एका ठिकाणी असणे सोयीचे पडते. बिलाच्या तारखाही एकाच कार्डाच्या सांभाळाव्या लागतात. जी भगिनी दर महिन्याला संपूर्ण बिल मुदतीत भरते, तिने सोयीसाठी मर्यादा खुशाल एकत्र करावी. तिला व्याजाचा प्रश्नच नाही.

प्रश्न आहे तो थकबाकी असणारीचा. समजा, एका बाईच्या कार्डाची मर्यादा ६०,००० रुपये असून त्यावर ३०,००० थकले आहेत. म्हणजे निम्मी मर्यादा वापरली गेली. आता तिने ४०,००० मर्यादेचे नवे कार्ड काढून ती मर्यादा जुन्यावर वळविली. मर्यादा एक लाख झाली आणि वापर शेकडा ५० वरून शेकडा ३० वर आला. सिबिलसारख्या संस्था ३०० ते ९०० या आकड्यांत आपली पत मोजतात, आणि त्या मोजणीत मर्यादेचा किती भाग वापरला हेही पाहतात. तेव्हा कागदावर बाईंची पत थोडी सुधारलेली दिसेल. (नव्या कार्डासाठी अर्ज केल्याची नोंदही त्याच ठिकाणी होते आणि तिने गुण थोडे उतरू शकतात, हे लक्षात ठेवावे.) पण तीस हजारांचे देणे कोठे गेले? ते होते तेथेच आहे.

आता त्याचे व्याज पाहू. कार्डावर दरमहा शेकडा साडेतीनच्या सुमारास व्याज लागणे ही सामान्य गोष्ट आहे. वर्षाचे शेकडा ४२ झाले. तीस हजारांवर महिन्याचे व्याज १,०५० रुपये. त्या व्याजावर वस्तू व सेवा कर शेकडा १८ प्रमाणे १८९ रुपये. एकूण १,२३९. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून शेकडा ५, म्हणजे १,५०० रुपये लिहिलेले असले आणि बाईंनी तेवढेच भरले, तर मुद्दलातून फिटले किती? २६१ रुपये! शिवाय बिल पूर्ण न भरल्यामुळे नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. अशा वेळी मोठी झालेली मर्यादा आधार वाटते, पण प्रत्यक्षात ती खड्डा खोल करण्यास मोकळीक देते. याची टोपी त्याच्या डोक्यावर घातल्याने डोकी वाढतात, टोपी एकच राहते.

भगिनींनो, जुन्या कागदावर नवा कागद चढविण्याचा हा प्रकार आपल्या मुलखाला नवीन नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मुदत ठरविली. हेतू हा की व्याज साचू नये. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार जुना रोखा रद्द करून नवा लिहून घेई, आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसे. शंभर रुपये दरमहा शेकडा दोनने घेतले, तर तीन वर्षांनी १७२ चा रोखा होई आणि सहा वर्षांनी सुमारे २९६ चा. मधल्या काळात कुणब्याने एक पैसाही नवा उचललेला नसे.

याच शिरूर तालुक्यातील करडे गावी १८७४ च्या डिसेंबरात बाबासाहेब देशमुख यांच्यावर, अवघ्या दीडशे रुपयांच्या देण्यापायी, काळूराम नावाच्या सावकाराने घराबाहेर काढण्याचा हुकूमनामा मिळविला. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी उद्रेक झाला. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले हे गाव. आजच्या दौंड-बारामतीचा मुलूख त्यात येई. लोकांनी सावकारांकडून मागितले ते मुख्यतः रोखे आणि हुकूमनामे, आणि जाळलेही तेच. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने न्यायालयास रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, आणि ऋणकोला पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला.

आजची बँक म्हणजे त्या काळचा सावकार नव्हे, हे उघड आहे. आज कायदा पुष्कळ आपल्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे न मागितलेले कार्ड गळ्यात मारता येत नाही, आणि आपल्या स्पष्ट संमतीवाचून मर्यादा वाढविता येत नाही. अर्जाबरोबर व्याज व आकार सांगणारे एक पानी पत्रक देणे बँकेवर बंधनकारक आहे. कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला आणि काही देणे बाकी नसले, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे. न झाल्यास बँकेने दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकास द्यावयाचा आहे. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. मात्र व्याजावर छत्र नाही. शेकडा ३० हून अधिक व्याज नको, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय होता. तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

तेव्हा मर्यादा वळविण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. एक, जुनी थकबाकी शून्यावर आणावी. दोन, नव्या कार्डाचे शुल्क पहिल्या वर्षी किती आणि दुसऱ्या वर्षी किती, ते पाहावे. तीन, मर्यादा वळविल्यावर रिकामे राहिलेले कार्ड ठेवणार की बंद करणार, हे आधीच ठरवावे. बंद केले तर तसे पत्र घेऊन जपून ठेवावे. ते कार्ड बंद होताना वळविलेली मर्यादा कायम राहील ना, हेही विचारून घ्यावे. चार, वर्षातून एकदा आपला पतअहवाल मागवून वाचावा. पत मोजणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून तो वर्षाला एकदा फुकट मिळतो.

आणखी एक गोष्ट मला मोकळेपणाने सांगावयाची आहे. पुष्कळ घरांत कार्ड निघते सुनेच्या नावावर, कारण पगारपत्रक तिचे असते. मर्यादा वाढली की त्यावर दिराची बोअर होते, नणंदेच्या लग्नाचे दागिने होतात, आणि उसाचे बिल आले की फेडू असे सर्वजण म्हणतात. उसाचे बिल लांबते; कार्डाच्या बिलाची तारीख लांबत नाही. बँक दिराला ओळखत नाही, नणंदेला ओळखत नाही. जिच्या नावाचे कार्ड, तिचे देणे. घरासाठी खर्च जरूर करावा, संसार एकमेकांच्या आधारानेच चालतो. पण घराचा खर्च असेल तर फेडीचा हिशेबही घराने मिळून करावा, आणि तो खर्चापूर्वी करावा. एवढे म्हणण्याचे धैर्य आपण आपल्या लेकीसुनांना दिले पाहिजे.

करड्याच्या आणि सुप्याच्या पुष्कळ कुणब्यांना रोख्यात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. ते नांगराची निशाणी करीत आणि लिहिणारा सांगेल तेच खरे मानीत. आपल्याला वाचता येते. म्हणून माझी मंडळाला सूचना आहे, की महिन्यातून एक दुपार बिले वाचण्यासाठी राखून ठेवावी. कार्डाचा क्रमांक झाकावा, गुप्त आकडे कोणालाही सांगू नयेत, आणि मुद्दल किती, व्याज किती, कर किती एवढेच दोघीतिघींनी मिळून समजून घ्यावे. हळदीकुंकवाला जमतो, तशाच यालाही जमू या.