यीस्टची शिस्त आणि आपल्या रक्तातील होमोसिस्टीन
(वार्षिक सभेतील व्याख्यानाचा मजकूर)



रुग्णालयाच्या सभेत यीस्टवर व्याख्यान ठेवल्याचे काहींना नवल वाटले असेल. पण वसईकरांना यीस्ट परके नाही. फुग्यांचे पीठ ताडीने आंबवण्याची येथील ख्रिस्ती कुटुंबांची रीत जुनी आहे. ते पीठ फुगवतो तो हाच एकपेशीय जीव. मेथिओनीन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले त्यालाही लागतात आणि आपल्यालाही.

मेथिओनीन आपल्याला अन्नातूनच घ्यावे लागते. यीस्ट मात्र साध्या सल्फेटपासून ते स्वतः घडवते. हे काम खर्चाचे असल्याने त्यावर कडक नियंत्रण असते. त्यासाठी लागणाऱ्या विकरांची जनुके ‘मेट-४’ हे प्रथिन चालू करते. भोवती मेथिओनीन मुबलक झाले, की ‘मेट-३०’ या दुसऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने मेट-४ वर युबिक्विटिनची खूण चढते आणि काम थंडावते. अशी खूण चढलेली प्रथिने पेशी बहुधा नष्ट करते; मेट-४ मात्र पुष्कळदा नष्ट न करता नुसते निष्क्रिय ठेवले जाते. कॅडमियमसारखा विषारी धातू आत शिरला, तर मेथिओनीन भरपूर असूनही मेट-४ पुन्हा कामाला लागते. कारण विषाला बांधून ठेवणाऱ्या ग्लुटाथिओनसाठी तेव्हा गंधक तातडीने हवे असते. एवढ्याशा जीवाच्या या तारतम्याचे मला आजही अप्रूप वाटते.

आता आपल्या शरीराकडे वळू. मेथिओनीन वापरले गेल्यावर होमोसिस्टीन तयार होते. त्याला दोन प्रमुख वाटा आहेत. एक वाट परत मेथिओनीनकडे जाते. तिला फोलेट आणि ब-१२ जीवनसत्त्व लागते. दुसरी सिस्टीनकडे जाते; तिला सिस्टाथिओनीन बीटा-सिंथेज हे विकर आणि ब-६ लागते. हे विकर जन्मतः सदोष असले, तर होमोसिस्टिन्युरिया होतो. १९६२ मध्ये या रोगाचे प्रथम वर्णन झाले. बाळ जन्मतः निरोगी दिसते. पुढे डोळ्यातील भिंग सरकते, हाडे ठिसूळ होतात, रक्ताच्या गुठळ्या होतात.

येथे यीस्ट मदतीला आले. १९९४ मध्ये अमेरिकेतील क्रुगर आणि कॉक्स यांनी हे विकर नसलेल्या यीस्टमध्ये माणसाचे जनुक घातले आणि ते यीस्ट सिस्टीनवाचून वाढू लागले. सदोष जनुक घातले तर वाढ खुंटते. म्हणजे रुग्णाच्या जनुकातील कोणता बदल घातक, हे यीस्टवर पारखता येते. जवळजवळ निम्म्या रुग्णांना मोठ्या मात्रेतील ब-६ चा गुण येतो. म्हणूनच लहान मुलाचे भिंग सरकलेले आढळले, तर केवळ शस्त्रक्रियेचा विचार न करता होमोसिस्टीनची तपासणी जरूर करून घ्यावी.

हा रोग विरळा आहे. पहिल्या वाटेवरील अडथळा मात्र आपल्याकडे घरोघरी सापडावा असा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले होते. शाकाहार हे त्याचे मोठे कारण. आंबवलेल्या पावातून ब-१२ मिळते, ही समजूत चुकीची आहे. यीस्ट ते बनवत नाही, कारण मेथिओनीन घडवणाऱ्या त्याच्या विकराला त्याची गरजच नसते. दूध, दही, अंडी, मासे यांतून ते मिळते.

गर्भवती मातांविषयी थोडे अधिक सांगतो. पुण्याजवळील सहा खेड्यांतील अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वाधिक आढळला. याचा अर्थ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद कराव्यात असा मुळीच नाही. बाळाच्या मज्जारज्जूसाठी त्या आवश्यकच आहेत. परंतु एकट्या फॉलिक ॲसिडने रक्तक्षय सुधारतो आणि ब-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहू शकते. शाकाहारी घरातील सून गरोदर असेल, किंवा आजोबांच्या हातापायांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना ब-१२ विषयी आपण होऊन विचारावे. तपासणी रक्ताच्या एका नमुन्यावर होते आणि उणीव गोळ्यांनी अथवा इंजेक्शनने भरून काढता येते.